सासूच्या पोटावरून सुनेचं निदान

साठ सालच्या आसपास शहापूरकडे एका दवाखान्यात मी नर्स होते. आजही एखाद्या बाईचं दुखणं तिच्याऐवजी दुसरंच कुणी सांगू लागलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

डोळखांबच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून एक सून झोळीत घालून आणली होती, सोबत तिची सासू. वय अठरा-एकोणीस. भात लावताना अचानक पोटात कळ आली आणि पोरगी चिखलातच बसली. सुनेनं परक्या पुरुषासमोर तोंड उघडायचं नाही, सासूनं बोलायचं, अशी रीत. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच विचारलं, "कुठे दुखतंय?" सासूनं स्वतःच्या बेंबीवर हात ठेवला. "हितं, सायेब. पोट साफ नाय तिचं." डॉक्टरांनी सासूच्या पोटाकडे बघितलं आणि सुनेला एरंडेल लिहून दिलं! अहो, जिचं पोट दुखतंय तिला हात तरी लावा!

एरंडेल पाजायला गेले तर पोरगी पांढरीफटक, अंगाला दरदरून घाम. कुजबुजली, "बाय, माजा खांदा दुखतो." सासू खेकसली, "पोटाचं चाललंय गो, खांद्याचं काय काढतीस!" मी सासूला पाणी आणायला पिटाळलं आणि पोरीला पाळीचं विचारलं. दोन महिने आली नव्हती.

आम्हाला शिकवलं होतं, गर्भ नळीतच वाढून नळी फुटली की पोटात रक्त साचतं, आणि कधी कधी दुखतो खांदा. एरंडेल मोरीत ओतलं आणि डॉक्टरांना सांगितलं. म्हणतात कसे, "नर्सबाई, निदान करायला मी बसलोय." बसलात खरे, उठा की आता! मी तोंड सोडलं तेव्हा कुठे उठले. पोट दाबून बघितलं, चेहरा उतरला, मुकाट्यानं ठाण्याच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिली. तोवर तास गेला होता.

लाकडाचा एक ट्रक अडवून आम्ही निघालो. ठाणं यायच्या आत माझ्या मांडीवर तिचा जीव गेला.

सासूनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि काय झालं होतं म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. जिभेवर आलं होतं, तूच तिला बोलू दिलं नाहीस, म्हातारे. तेवढ्यात तीच म्हणाली, "तुला ठावं व्हतं, बाय, तर आमी आलो तवाच का नाय इचारलंस तिला?"

त्या आल्या तेव्हा मी डॉक्टरांच्या खुर्चीमागेच उभी होते. डॉक्टर बोलत असताना नर्सनं मध्ये बोलायचं नाही, म्हणून गप्प.