पद्मावतीचे दहा उपास

कवठे महांकाळजवळच्या त्या गावात पद्मावती दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. बेदाणा निवडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि दशलक्षण पर्वात, जैनांच्या उपासाच्या दहा दिवसांत, ती राजरोस जेवायची. पहिल्या गोष्टीचं कौतुक कोणी फारसं केलं नाही. दुसरीची चर्चा मात्र दर भाद्रपदात नव्या दमाने व्हायची. जैनाची बाई, बस्तीला म्हणजे जैन मंदिराला लागून घर, आणि दहा दिवसांत एक उपास नाही!

खरं तर उपासाची हौस तिला कोणापेक्षा कमी नव्हती. लग्न होऊन आल्यापासून पाचदा तिने दहा उपास धरले आणि पाचही वेळा तिसऱ्या दिवशी ते मोडले. पोटात असं दुखायचं की ती जमिनीवर लोळायची. हातातली ताकद जायची. मग बडबड सुरू व्हायची, नवऱ्याला, वर्धमानलाही ओळखायची नाही. कोणी म्हणालं बाहेरचं लागलं, कोणी म्हणालं बाईचं डोकं फिरलं. एका दवाखान्यात तर तिचं धडधाकट अपेंडिक्स काढून टाकलं. दुखणं आपलं जागच्या जागी.

चार वर्षांपूर्वी तो रोग सांगलीच्या डॉक्टर भार्गवींना सापडला. त्यांनी तिची लघवी खिडकीतल्या उन्हात ठेवून पाहिली, तर ती काही तासांत गडद तांबडी झाली. रक्त मुंबईला तपासायला गेलं. रक्ताचा लाल रंग तयार व्हायला जी एन्झाइमं लागतात, त्यातल्या एकाचं काम हिच्यात जन्मापासून निम्म्यावर होतं. डॉक्टर समजावू लागल्या तशी पद्मावतीच म्हणाली, "म्हंजे बेदाण्याच्या शेडवर निवडायला ईस बायका लागत्यात आन् येत्यात धाच. रोजचा माल कसाबसा उरकतोय. उपाशी ऱ्हायलं की गाड्यावर गाड्या येत्यात, आन् अर्धवट निवडल्याला माल साचून नासतोय. व्हय न्हवं?"

"अगदी तसंच. आणि तो साचलेला माल नसांना, मेंदूला त्रास देतो. म्हणून तुम्ही बडबडता. तुम्हाला वेड लागलेलं नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून पद्मावती डॉक्टरांच्या टेबलावर डोकं टेकून रडली.

डॉक्टरांनी तिला दोन गोष्टी बजावल्या. उपाशी राहायचं नाही, आणि लेकीचं रक्त तपासून घ्यायचं, कारण हे आईकडून लेकीत उतरू शकतं. पहिली तिने ऐकली. दुसरी गिळून टाकली. रक्तात खोट आहे म्हटल्यावर सुंदरीला कोण करून घेणार? तिने वर्धमानलाही सांगितलं नाही. परीक्षा, अशक्तपणा, काही ना काही निमित्त काढून ती दरवर्षी सुंदरीला उपासापासून लांब ठेवायची. आईची माया आंधळी असते म्हणतात. हिची तर मुकीही होती.

यंदा कुठलं निमित्त चाललं नाही. सुंदरी एकोणीस वर्षांची झालेली, मिरजेच्या एका घरात तिची सोयरीक ठरत आलेली, आणि होणारी सासू पर्वासाठी याच गावात माहेरपणाला आलेली. सुंदरीने साफ सांगितलं, "मी धाच्या धा करनार. तू खातीस म्हनून लोक आमाला हसत्यात."

तिसऱ्या दिवशी दुपारी बस्तीत पूजा चालू असताना सुंदरी पोट धरून वाकली. बायका भोवती जमल्या. "उपासानं कर्म झडतंय बाई, सोस. उद्या हलकं वाटंल." होणारी सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "लय गुनाची पोर हाय," ती कौतुकाने म्हणाली.

पद्मावती गर्दीतून पुढे आली. "पित्त झालंय तुला. घरला चल, साखरपानी घे."

"मी उपास मोडनार न्हाई." सुंदरीचे ओठ पांढरे पडले होते. "तुझ्यागत न्हाई मी."

आता झाकायला जागाच उरली नाही. पद्मावती बोलली ती सगळ्या बस्तीला ऐकू जाईल अशी. "माझ्यागतच हाईस तू! माझ्या रक्तात खोट हाय, ती तुझ्यातबी उतरली असंल. चार वर्सं मला म्हाईत हाय. स्थळ मोडंल म्हनून मी गप बसले. आता ऊठ बाळा, न्हाईतर मेंदूवर जाईल."

होणाऱ्या सासूने सुंदरीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. आठ दिवसांनी मिरजेहून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. आधी एकोणतीस गुण जुळले होते, ते कुठे गेले देव जाणे.

त्या दुपारी वर्धमानने लगेच गाडी काढली. संध्याकाळच्या आत सांगलीत सुंदरीच्या हाताला ग्लुकोजची सलाईन लागली. डॉक्टर भार्गवी पद्मावतीवर चांगल्याच रागावल्या, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं ओसरलं. सुंदरी छताकडे बघत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"माझ्यामुळं तुझं लगीन..." पद्मावती म्हणाली.

"लगनाचं न्हाई गं." सुंदरीने तिच्याकडे तोंड वळवलं. "तू लोळायचीस तवा मी आतनं दार लावून घ्यायचे. मैत्रिनींना सांगायचे, आमच्या आईला सोंगं करायची सवय हाय." तिला हुंदका आवरेना. "आई, एवढं दुखायचं तुला?"

पद्मावतीने सलाईनचा हात जपून बाजूला केला आणि लेकीला छातीशी धरलं.

"व्हय गं," ती म्हणाली. "लय दुखायचं."