दोन काचांचा एक फोटो

मुरुम गावच्या फोटोच्या दुकानात मी कामाला लागलो तेव्हा निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. त्या काळी आमच्याकडं फोटो आधी काचेवर घेत, मग तिच्यावरून कागदावर छापत, आणि उन्हातलं माणूस आणि सावलीतलं माणूस एका काचेवर नीट येत नसे. उन्हातला फेटा धरावा तर मागचं दार काळंकुट्ट, दार धरावं तर फेट्यासकट चेहराही पांढराफेक. दुकानाच्या मालकांना आम्ही चाचा म्हणायचो. त्यांनी मला यावरची तोड शिकवली. कॅमेरा जराही न हलवता दोन काचा घ्यायच्या, एक उन्हाची, एक सावलीची, आणि छापताना दोन्ही एकाच कागदावर उतरवायच्या.

पहिला प्रयोग मी घरी केला, आणि तो आईसाठीच होता. तिचा एकही फोटो नव्हता. अंगणात वडील आणि थोरले चुलते खुर्च्यांवर बसले. थोरल्या दिरासमोर आई जन्मात आली नव्हती, ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. झेंडावंदनाला स्वातंत्र्यावर तोंड भरून बोलणाऱ्या चुलत्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांची पाठ तिच्याकडं होती, म्हणून तिनं पदर जरा मागं सारला.

पहिली काच मी झटक्यात घेतली, दुसरीला कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवलं. छापताना कागदावर आधी दाराच्या जागी पुठ्ठा धरून उन्हाची काच उतरवली, मग अंगणाच्या जागी धरून सावलीची. कागद वाया गेले, चाचांची बोलणी खाल्ली. शेवटी एका कागदावर फेटे आले आणि दारात आईही आली, कपाळावरच्या गोंदणासकट.

तो फोटो मी आधी तिच्याच हातात दिला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यो भिंतीवर लावणार व्हय? थोरले भावजी रोज बघतील की मला."

"बघू दे की."

"न्हाय बाबा. आधी दार काळं येतंय म्हणला होतास, तसंच करून दे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लई भांडलो. तिनं फोटो चुलीत सारला.

मग मी नुसती उन्हाची काच छापली. फेट्याचा पीळ न् पीळ दिसतो म्हणून चुलत्यांनी मला शाबासकी दिली, आणि दाराआडून ती ऐकून आई हरखून गेली. चुलत्यांवरचा माझा राग त्यांच्याबरोबर सरणावर गेला. आईवरचा अजून जात नाही.