तोरवर बसवलेले दोन दरवान

आराखड्याच्या पान दोनवर दोन चौकोन होते, दोन यंत्रांसाठी. एक वरच्या मजल्यावर, हिशेबाच्या खोलीमागच्या कोठीत. दुसरा तळमजल्यावर, मुख्य दाराच्या डाव्या हाताला, जिथे झाडू, ओले कोट आणि पहारेकऱ्याची किटली असते त्या खोलीत. बुरुलचा सेयितबेकोवाने ते फूटपट्टी घेऊन काढले होते आणि प्रत्येकाखाली लिहिले होते: वेगळी खोली, वेगळी वीज, जवळ पाण्याचा नळ नाही.

संचालक मेदेरने लाल पेन्सिलीने दोन्ही चौकोन खोडले. मग स्वतःच्या खोलीत, खिडकीखाली, एकच मोठा चौकोन काढला.

बुरुलचा त्रेपन्न वर्षांची आहे. नारीनमधल्या एका खासगी भूमापन कचेरीतले एकतीस संगणक ती एकटी सांभाळते. त्याआधी अत-बाशीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये अकरा वर्षे होती. एक्सचेंज बंद पडले तेव्हा तिथल्या बायकांपैकी काही बाजारात बसल्या, काही मॉस्कोला गेल्या. बुरुलचा वापरलेली पुस्तके आणून संगणकाची जाळी जोडायला शिकली. नवरा नाही, मुलगी बिश्केकमध्ये दातांची डॉक्टर आहे. बुरुलचाचा आवाज लहान आहे, त्यामुळे ती चिडली आहे हे लोकांना उशिरा कळते. गेले वर्षभर ती बहुतेक वेळ चिडलेलीच आहे.

त्याला कारण झाले मागच्या डिसेंबरातले चार दिवस. प्रत्येक कचेरीच्या जाळ्यात एक संगणक असा असतो, ज्याच्याकडे सगळ्यांची यादी असते: कोण कर्मचारी, त्याचा पासवर्ड काय, त्याने कोणते कप्पे उघडायचे आणि कोणते नाही. त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. बुरुलचाच्या कचेरीत असा एकच होता, नऊ वर्षांचा. दुसरा हवा, असे तिने चार वेळा लेखी मागितले होते. डिसेंबरात वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि तो कायमचा बंद पडला. चार दिवस एकतीस माणसे पडद्यांसमोर हात चोळत होती. कुरणांचे नकाशे घ्यायला अक-तालाहून आलेले धनगर बर्फात परत गेले. पाचव्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला: निष्काळजीपणाबद्दल बुरुलचा सेयितबेकोवाला ठपका.

या कचेरीचा नियम असा आहे की दुसरा ठपका आला की माणूस घरी. म्हणून एप्रिलमध्ये तिने नव्या यंत्रांचा आराखडा केला तो नोकरी आणि नाव दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून. यंत्र पुन्हा बंद पडले, तर बुरुलचा बाहेर.

लाल पेन्सिल चालली त्या दिवशी ती मेदेरसमोर उभी होती. हिशेबनीस गुलाइम सह्यांची फाइल घेऊन शेजारी होती, आणि पुढचे संभाषण मला तिनेच शब्दन् शब्द सांगितले.

"एजे," मेदेर म्हणाला. तो चव्वेचाळीसचा, त्यामुळे बुरुलचाला थोरली बहीण म्हणतो. "इतक्या वर्षांनी नवी यंत्रं येतायत, आणि त्यातलं एक तू झाडूंबरोबर ठेवणार?"

"झाडू हलवता येतील, मेदेर काचकिनोविच."

"प्रश्न झाडूचा नाही. हा कंट्रोलर आहे. सगळ्या कचेरीचा मालक. मालकाला कुणी उलागात बसवतं?"

उलागा म्हणजे उंबऱ्यालगतची जागा. तिथे सून बसते, चहा ओतते, दार वाजले की उठते. तिच्या समोरची, दारापासून सर्वांत लांबची जागा म्हणजे तोर. तिथे पाहुणा, म्हातारा किंवा साहेब. मेदेरची खुर्ची खिडकीखाली, अगदी तोरवर आहे. तिच्या शेजारी काचेच्या दाराचे कपाट करवून दोन्ही यंत्रे त्यात मांडायची, असे त्याने ठरवले होते. भागीदार बिश्केकहून आले की बसल्या जागेवरून दाखवता येतील.

"तो मालक नाही हो," बुरुलचा म्हणाली. "बसमधला कंट्रोलर आठवतो ना, तिकिटं बघणारा? तो कुठं उभा असायचा? दारात. हाही तसलाच. कोण आत येतंय, यादीत नाव आहे का, एवढंच बघतो. दरवान आहे. आणि दोन कशाला, तर एक पडला की दुसऱ्यानं दार उघडावं म्हणून. दोघांना एका कपाटात, एका वायरीवर बसवलंत तर दोघं एकदमच पडतील."

"तू घरी पाहुण्याला उंबऱ्यावर बसवतेस का?"

"पाहुण्याला नाही बसवत. पण घराची किल्लीही मी तोरवर गालिचा घालून मांडत नाही. ती दाराजवळ खिळ्याला असते."

"एजे, तुझ्या जिभेला तोरवर बसवायला हवं."

"आणि तुमच्या खिडकीखाली गरम पाण्याचा रेडिएटर आहे. अठ्ठ्याहत्तर सालचा."

"माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा आहे. मी गळतोय का कुठं?"

गुलाइमला हसू आले. तिने फाइलमागे तोंड लपवले. बुरुलचा हसली नाही. तिने त्याच पानावर, लाल चौकोनाखाली, पेनने लिहिले: "एक खोली, एक नळ, एक वीज. मी नको म्हटले आहे." खाली तारीख आणि सही.

"हे पुन्हा टाइप करून आण," मेदेर म्हणाला. "तुझी शेरेबाजी वगळून."

तिने टाइप करून आणले, शेरा वगळला आणि सहीही वगळली. मेदेर म्हणाला, सही कर. ती म्हणाली, नाही. शेवटी त्याने एकट्याने "मंजूर" लिहिले आणि तिच्या नावासमोरची जागा कोरी राहिली. लाल पेन्सिलीचे जुने पान तिने टेबलाच्या खणात, पावत्यांच्या वहीखाली ठेवले.

त्यानंतर तिने काम चोख केले. हे सांगायला हवे, कारण पुष्कळ माणसे अशा वेळी मुद्दाम ढिलाई करतात. मे महिन्यात तिने दोन्ही यंत्रे काचेच्या कपाटात बसवली, एकतीस नावे भरली, कोणी कोणता कप्पा उघडायचा ते एकेकाला विचारून लावले. एका यंत्रात झालेला बदल दुसऱ्याला कळतो का, हे आठवडाभर तपासले. कळत होता. आणि पान तीनवर लिहिले होते त्याप्रमाणे, रोज संध्याकाळी दोघांची पूर्ण नक्कल एका डिस्कवर घेऊन ती डिस्क खाली पहारेकरी बेर्दिबेकआबांच्या किटलीमागे, बिस्किटांच्या डब्यात ठेवायला लागली. पान तीन मेदेरने खोडले नव्हते. तो तिथपर्यंत पोचलाच नव्हता.

ऑक्टोबरात खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरांत गावाचे गरम पाणी सुरू होते. पहिल्या दिवशी नळांमध्ये दाब वाढवून बघतात आणि प्रत्येक गल्लीत कुणाचे ना कुणाचे छत गळते. यंदा तो मंगळवार होता. पावणेदहाच्या सुमाराला गुलाइमचा पडदा तिचे नाव ओळखेना. मग भूमापकांच्या खोलीतून कुणी ओरडले, "एजे!" मग जिन्यातून. बुरुलचा वर धावली आणि मेदेरच्या बंद दारापाशी थांबली. आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. दाराखालून वाफ.

मेदेर बिश्केकला होता. तिने फोन लावला.

"तुमच्या खोलीची किल्ली कुठंय?"

"माझ्याकडे. खिशात. का?"

"दुसरी?"

"दुसरी कशाला? संचालकाच्या खोलीची किल्ली काय गावभर वाटायची?"

बुरुलचाने त्याला नऊ वर्षे बापाच्या नावासकट, अदबीने हाक मारली होती. त्या क्षणी ती म्हणाली, "ऐक, इनिम." धाकट्या भावाला घरात म्हणतात, तसे. "मी दार फोडतेय."

"अगं, ओकचं दार आहे ते!"

"होतं."

बेर्दिबेकआबा पहार घेऊन आले. सत्तरीचे आहेत, पण पहार त्यांची स्वतःची. "सोव्हिएत दार आहे, पोरी," ते म्हणाले. "याला आधी शिवी घालावी लागते." त्यांनी शिवी घातली आणि तिसऱ्या घावाला कुलूप सुटले.

खिडकीखालच्या रेडिएटरचा एक सांधा फुटून गंजाचे लाल, कढत पाणी आडव्या धारेने कपाटावर मारत होते. काचेच्या आत वाफ दाटली होती. दोन्ही यंत्रे विजेच्या एकाच पट्टीवर जोडलेली, आणि पट्टी गालिच्यावर, पाण्याखाली. दोघांचे दिवे गेले होते. आबांनी नळ बंद केला. बुरुलचाने कपाट उघडले, वरच्या यंत्राला हात लावला, आणि पाणी चाळणीतून गळावे तसे खाली आले.

"गेले?" गुलाइमने विचारले.

"दोघं. एकदम."

ती किंचाळली असती तर बरे झाले असते, असे गुलाइम म्हणते. बुरुलचाने फक्त ओले बूट काढले आणि मोज्यांनी जिना उतरली.

अंगणात सतरा धनगर उभे होते, यंदाही अक-तालाचेच. आबांनी त्यांना चहा दिला. बुरुलचाने दाराशेजारच्या खोलीतले झाडू बाहेर फेकले, एक सुटा संगणक टेबलावर ठेवला, डब्यातून डिस्क काढली आणि नक्कल परत चढवायला बसली. सुट्या संगणकाला ती सहज पचेना. दोनदा मधेच थांबला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला पहिले नाव ओळखले गेले, गुलाइमचे. चारपर्यंत नकाशे छापले जात होते. सतरापैकी पाच जण आदल्या दिवशीच निघून गेले होते.

गुरुवारी मेदेर परतला. त्याने बैठकीच्या खोलीत कुर्दाक, म्हणजे चरबीत परतलेले मटण, मागवला, सगळ्यांना बोलावले. कढईतून वाफ येत होती, आणि त्याच्या ताटाशेजारी उलटा ठेवलेला एक कागद होता. बुरुलचा दाराशी बसली. तिच्या हातात पावत्यांची वही होती.

"जेवणाआधी एक कटू काम," मेदेर म्हणाला आणि कागद सुलटा केला. "यंत्रांचं पाण्यापासून संरक्षण न केल्याबद्दल..."

"वाचा. नाव मोठ्यानं वाचा," बुरुलचा म्हणाली.

"एजे, मलाही बरं वाटत नाही. पण बसवली कुणी?"

तिने वहीतून पान काढले आणि पुढे सरकवले. ते हातोहात टेबलावरून गेले. प्रत्येकाने एकदा लाल चौकोन बघितला, एकदा खालचा शेरा, एकदा मेदेरकडे. आबांनी चष्मा नसल्यामुळे गुलाइमकडून वाचून घेतले, आणि गुलाइमने ते सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचले.

मेदेरने ठपक्याचा कागद पुन्हा उलटा ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "ठपका मागे घेतो. आपण असं लिहू, की चूक पाणीवाल्यांची. सगळ्यांनी सह्या करू. भागीदारांना एवढं पुरे. तू ये, एजे, इकडे तोरवर बस. मानाचा तुकडा तुझा."

"तुमचं तोर अजून ओलं आहे."

कुणीतरी फसकन हसले आणि खोकल्यावर नेले.

"मग काय हवं तुला?"

"पान दोन. माझे दोन चौकोन, माझ्या जागी. आणि तुमची सही. आत्ता, जेवणाआधी." तिने जुन्या आराखड्याची स्वच्छ प्रत काढली. "त्याखाली तिसरी ओळ आहे, ती पण वाचा. बंद राहणाऱ्या प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली दाराजवळच्या खोलीत."

"संचालकाच्याही?"

"दाराला नवं कुलूप बसवायचंच आहे. दोन किल्ल्या मिळतात त्याच्याबरोबर."

कुर्दाक थंड होत होता. चरबी कढईच्या कडेला गोठायला लागली होती. एकोणतीस माणसे भुकेली होती आणि त्यांतले कुणी मेदेरच्या बाजूने तोंड उघडेना. त्याने सही केली, पेन टेबलावर आपटले आणि म्हणाला, "खा आता!"

दुसऱ्या ठपक्याचा कागद फाटला. पहिला फाटला नाही. तो बुरुलचाच्या फाइलमध्ये अजून आहे. तो काढावा म्हणून ती दर महिन्याच्या एक तारखेला अर्ज देते, आणि मेदेर दर महिन्याला "विचाराधीन" लिहून परत पाठवतो. भागीदारांना गेलेल्या वार्षिक अहवालात एक वाक्य आहे: संचालकांच्या दूरदृष्टीमुळे आता दोन यंत्रे दोन स्वतंत्र खोल्यांत. ते वाक्य बुरुलचाने मला बोट ठेवून दाखवले. "दूरदृष्टी," ती म्हणाली, आणि त्यापुढे जे म्हणाली ते छापण्यासारखे नाही.

नवी यंत्रे आली आहेत. एक वर कोठीत, एक खाली झाडूंशेजारी. खालच्या खोलीच्या भिंतीवर एक खिळा आहे आणि त्यावर नव्या कुलपाची दुसरी किल्ली. मी भेटलो त्या सकाळी मेदेर स्वतःची किल्ली घरी विसरून आला होता. तो त्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला, टोपी हातात. आत बुरुलचा यंत्र तपासत बसली होती.

"एजे, किल्ली."

बुरुलचाने पडद्यावरून नजर काढली नाही. तिचा चहा अर्धा शिल्लक होता.

"थांबा," ती म्हणाली. "आधी नाव सांगा. यादीत बघते."