जनरेटरचा कागद

हवा तोलता येते, हे कळलं तेव्हा मी चाळिशीला आले होते, आणि शाळकरी पोरीसारखी हरखले होते. अमरावतीत आमच्या कॉलेजच्या गच्चीवर एक पत्र्याचं यंत्र बसवलं होतं. ते दिवसरात्र हवा ओढायचं आणि तिच्यातली बारीक धूळ एका पांढऱ्या कागदावर अडकवायचं. डोळ्यांना दिसत नाही आणि थेट छातीत उतरते, ती धूळ. लावण्याआधी कागद तोलायचा, चोवीस तासांनी काढून पुन्हा तोलायचा. जेवढं वजन वाढलं तेवढं शहराच्या छातीत गेलं. मी रसायनशास्त्र शिकवायची. हे काम माझ्या गळ्यात मारलं, असं स्टाफरूममध्ये म्हणत. गळ्यात कसलं मारलं, मी ते झडप घालून घेतलं होतं.

अशी यंत्रं देशात ठिकठिकाणी होती. सगळ्यांचे आकडे दिल्लीला जात आणि तिथे आलेखावर वर्षावर्षांची एक रेघ तयार होई. देशातला माणूस सरासरी किती धूळ श्वासात घेतो, त्याची. रेघ वर चढत होती, म्हणजे बातमी वाईटच होती. पण तिच्यात आमच्या गच्चीचा वाटा आहे, या विचारानं मला जिने चढताना धाप लागायची नाही. जुने कागद मी पाकिटांत जपले होते. कधीकधी ते टेबलावर ओळीनं मांडून बसायची. पहिल्या वर्षाचे दुधी, मग राखी, मग त्याहून गडद. फेब्रुवारीत शेतकरी कापसाची वाळलेली झाडं, पऱ्हाटी, उपटून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, पेटवून देत, तेव्हाचा कागद तर नुसता हातात धरूनही ओळखू यायचा.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट होती. कापसाला भाव नाही आणि गावाला वीज नाही. लोडशेडिंग शहरातही तासन् तास चाले. वीज गेली की यंत्र बंद, यंत्र बंद की चोवीस तास मोडले, आणि मोडलेला कागद दिल्लीत कोणी धरत नसे. अकोल्याचं यंत्र असंच गेलं. ते सांभाळणारे सर फोनवर म्हणाले, "आमचं तं गेलं उचलून. आता तुमी तरी टिका." मग दिल्लीहून मलाही निरोप आला. या उन्हाळ्याचा एक तरी पूर्ण कागद हवा, नाहीतर अमरावती रेघेतून वगळावी लागेल. मी त्या दिवशी वर्गात विनाकारण सगळ्यांवर खेकसले.

कॉलेजच्या मागच्या गल्लीत मंडप-डेकोरेशनचं दुकान होतं. त्याचे मालक, पिकल्या दाढीचे, सगळ्या गल्लीचे चाचा. मी रोज गच्चीच्या कठड्याशी उभी राहून वीज कंपनीचा उद्धार करायची, तो त्यांना खाली ऐकू जायचा.

"मॅडम, काहून रोज गरम होऊन राहिल्या?" एके दिवशी त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते हसले. "इतकीच बात? माहा जनरेटर रिकामाच पडला आहे. औंदा लोकं मंडप-बत्तीवाली लग्नंच नाही करून राहिले. घरच्या घरी उरकून टाकतात. तुमची मशीन बंद नाही पडू देत मी."

आंधळा मागतो एक डोळा, तशी माझी गत. मी नवा कागद तोलून यंत्रात लावला आणि अकोल्याच्या सरांना फोन केला, "झालं बघा काम." त्याच संध्याकाळी मला परीक्षेच्या कामाला बाहेरगावी जायचं होतं. चाचा म्हणाले, "बिनघोर जा."

दुसऱ्या दिवशी परतले ती बॅग खांद्यावर तशीच ठेवून गच्चीवर धावले. यंत्र सुरू होतं. त्याच्या घड्याळात पूर्ण चोवीस तास भरले होते. आणि यंत्राला खेटून जनरेटर धडधडत होता. पोरांकरवी चाचांनी तो थेट गच्चीवर चढवला होता आणि शेजारी खुर्ची टाकून दिवसरात्र राखण करत बसले होते. लग्नात त्यांची हीच पद्धत. जनरेटर जवळ ठेवायचा म्हणजे वायर कमी लागते, आणि मालकानं स्वतः बाजूला बसायचं म्हणजे वरातीत बत्ती जात नाही.

कागद बाहेर काढला. तव्याचं बूड.

"एक मिनिट बंद नाही पडू दिली," चाचा अभिमानानं म्हणाले.

मला हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. मी दोन्ही केलं. डिझेलचा धूर कागदावर बसला, ही शहराची हवाच नव्हे, हे मी समजावलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. पण क्षणभरच. "म्हंजे दूर ठेवाले पाहिजे होता," ते उठत म्हणाले. "वारा कुठून येऊन राहिला ते सांगा."

वारा पश्चिमेचा होता. जनरेटर पूर्वेच्या मैदानाच्या पार टोकाला नेला. वायर पुरेना, तेव्हा चाचांनी दुकानातली सगळी वायर काढून जोडली. गल्लीतल्या बायांनी ती आपापल्या गच्चीवरून जाऊ दिली आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या सोडून ठेवल्या. मी नवा कागद लावला. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. तासागणिक माझा आनंद वाढत होता.

चोवीस तास भरले. कागद गडद राखाडी निघाला, एकसारखा, खरा. तोलला, आकडा दिल्लीला कळवला, आणि अमरावती रेघेत राहिली. मी गल्लीभर पेढे वाटले. इतकी धूळ मिळाली म्हणून पेढे वाटणारी बाई त्या गल्लीनं पहिल्यांदाच पाहिली असेल.

चाचा प्रयोगशाळेत पेढा खायला आले. टेबलावर सगळे कागद ओळीनं मांडलेले होते. ते एकेक कागद न्याहाळत गेले.

"तो काळा कुठं आहे?"

"तो खराब झाला ना, चाचा. तो धरत नाहीत." मी कागद ड्रॉवरमधून काढून दाखवला.

"तोलला का?"

मी तोलला नव्हता. ते म्हणाले म्हणून तराजूवर ठेवला. त्यानं माझ्या साऱ्या वर्षांच्या कागदांना मागे टाकलं. मी आकडा मोठ्यानं वाचला. चाचांनी उरलेला पेढा बशीत ठेवला.

"शहराची हवा नसंन ती," ते म्हणाले. "पण मी तं तिथंच बसलो होतो न, तुमच्या मशीनच्या बाजूले. अन् मी हरेक लग्नात तिथंच बसतो. जवान होतो तवापासून."

त्यांनी टेबलावरच्या ओळीवरून बोट फिरवलं, दुधी कागदापासून राखाडीपर्यंत, आणि शेवटी रिकाम्या जागेवर थांबवलं.

"मंग मले कोन्त्या रेघेत धरता, मॅडम?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी तराजूवरचा काळा कागद उचलला आणि त्यांच्या बोटाशी ठेवला.