पाय दाव, माय

मार्गशीर्ष लागला की नांदेडच्या हवेत धुराचा आणि ओल्या मातीचा वास असलेली एक थंडी उतरते, आणि ती सर्वांत आधी माझ्या पायाच्या अंगठ्यांना भेटते. कुणी म्हणतं थंडी कानांतून शिरते, कुणी म्हणतं छातीत बसते. माझा अनुभव निराळा आहे. देहाच्या राजधानीपासून सर्वांत दूरचा मुलूख म्हणजे पाय. तिथवर पोचता पोचता रक्ताचीही दमछाक होत असावी! सकाळी फरशीवर पाऊल टेकवलं की तो शहारा अंगठ्यातून निघून पोटरीवर चढतो आणि मी क्षणभर तशीच उभी राहते. घरातले हसतात. मी चहा ठेवायला आत जाते.

खिडकीखालून मुली स्कूटीवर क्लासला निघालेल्या असतात. तोंडाला स्कार्फ, हातांत मोजे, पाठीवर दप्तराचं ओझं, डोळे तेवढे उघडे. आणि पाय? पाय बहुधा दोन पट्ट्यांच्या चपलेत, वाऱ्यावर सोडलेले. घरच्यांची सारी काळजी कानांना. पायांना कोण विचारतो! पौषातल्या पहाटे मोटारसायकलवर मागे बसून तुम्ही कधी दूर गेला आहात का? गेला असाल तर तुम्हाला ठाऊकच असेल, वारा काही सगळीकडे सारखा लागत नाही. छातीपुढे चालवणाऱ्याची पाठ असते, हात शालीत लपतात, पाय मात्र अधांतरी लोंबत राहतात. आधी ते झोंबतात, मग दुखतात, आणि मग एकाएकी काहीच होत नाही. हे काहीच न होणं फार भयंकर असतं. आपलेच पाय, आणि आपल्यालाच त्यांची खबर नाही!

औसा तालुक्यातलं आमचं गाव भूकंपात पडलं तेव्हा मी शाळेत होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरं बसली ती माणसांवरच बसली. त्यात माझी धाकटी बहीण मनी गेली. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये आमचा संसार मांडला गेला आणि दोन वर्षं झाली तरी हलला नाही. थंडीत त्या पत्र्याला आतून दव सुटे आणि अंथरुणावर टपटपे. अशा शेडमध्ये अभ्यास करून मी दहावीला चांगले गुण मिळवले, आणि तेव्हा लातुरात क्लासेसचं जे वारं सुटलं होतं ते आमच्या शेडपर्यंत येऊन पोचलं. गुरुजी म्हणाले, पोरीला लातूरला ठेवा, डॉक्टर होईल. आई म्हणाली, "परक्याच्या स्लॅबखाली माझी लेक निजायची न्हाई." त्या वाक्यापुढे गुरुजींचंही काही चाललं नाही.

तोडगा आप्पांनी काढला. आप्पा म्हणजे माझे वडील. क्लास पहाटेचा, गावातली पहिली एस.टी. निघायची तोवर तो संपलेला. म्हणून आप्पा मला रोज मोटारसायकलवर लातूरला सोडणार, आणि कॉलेज करून दुपारच्या गाडीने मी परत येणार. निजायला शेडमध्येच. एवढं करून आप्पांनी एक अटही घातली, आणि ती इतकी विचित्र होती की मी तेव्हा हसले होते. लातूरला पोचल्यावर ते माझे पाय बघणार. पाय गरम असतील तर क्लास, गार असतील तर तिथूनच माघारी.

हसू पहिल्याच थंडीत विरलं. क्लासच्या फाटकाशी, भोवती सायकलींचा आणि मुलांचा गलका असताना, आप्पांनी गाडी स्टँडवर लावली, समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "पाय दाव, माय." आमच्याकडे बाप लेकीला लाडानं माय म्हणतो. मी लाजेनं अर्धी झाले. त्यांनी चप्पल काढली, दोन्ही तळव्यांत माझं पाऊल धरलं, आणि उठून गाडीला किक मारली. आम्ही माघारी आलो. वाटभर मी रडत होते आणि त्यांची पाठ हलत नव्हती. त्या दिवशी उष्णता हा धडा सुरू झाला होता, आणि तो मी बुडवून आले होते.

संध्याकाळी भाकरी थापता थापता आईनं मला सांगितलं. ढिगारा उपसताना आप्पांच्या हाताला आधी मनीचे पाय लागले होते. ते गार होते. तरी आप्पा ते चोळत बसले, ऊन वर येईपर्यंत, लोकांनी धरून उठवेपर्यंत. "तवापासून त्यायला गार पाय सोसत न्हाईत," आई म्हणाली. "तू निजलीस की बघतेत. तुला ठाव न्हाई." भाकरी तव्यावर फुगली, तिनं ती उलटली. मला मात्र त्या रात्री पांघरुणाबाहेर पाय काढायची भीती वाटली.

मग सुरू झाला पाय गरम ठेवण्याचा माझा उद्योग. क्लास बुडू द्यायचा नव्हता आणि आप्पांनाही पुन्हा तो गारठा हाताला लागू द्यायचा नव्हता. भूकंपानंतर मदतीच्या ट्रकांतून कपड्यांचे डोंगर आले होते. कुठल्या कुठल्या थंड मुलखांतले कोट, आमच्या गावात कुणाला बांधता न येणारे टाय, आणि एकेकात दोघांचे पाय मावतील असे लोकरीचे मोजे. त्यातले मोजे आईनं पेटीतून काढले. त्यांत मी वर्तमानपत्राचे थर भरले. पायाला करडीचं तेल चोळलं. एकदा मोज्यावर खताच्या पोत्याचं प्लास्टिक बांधलं, तर आतल्या आत घाम सुटून पाय आधीपेक्षा थिजले. आई चुलीवर ज्वारी गरम करून तिची पुरचुंडी मोज्यात ठेवून द्यायची. औसा येईपर्यंत ती ऊब टिकायची, पुढं नुसते दाणे टोचायचे. क्लासच्या बाकाखाली मी ते दाणे झटकायचे तेव्हा शेजारची मुलगी विचारायची, "तू चिमण्या पाळून राहिलीस का गं?"

गंमत पाहा. फळ्यावर सर शिकवत होते की उष्णता तप्त वस्तूकडून शीत वस्तूकडे जाते, स्थिर हवा तिला अडवते, ओलावा तिला पळवतो. आणि त्यातलं अक्षर न् अक्षर माझ्या पायांना आधीच ठाऊक होतं! इतकं अफाट विश्व, त्यात आगीचे गोळे आणि गोठलेलं रितेपण, आणि त्या दोहोंच्या मध्ये माणसाचा देह आपली इवलीशी ऊब जन्मभर सांभाळत चालतो, हे मनात आलं की मी बाकावर बसल्या बसल्या थक्क व्हायचे. जी धरणी एका झटक्यात गावं गिळते तिच्याच पोटातून हरभरा वर येतो, करडई फुलते, हे कसं? कुणाला विचारावं? सर पुढच्या उदाहरणाकडे वळलेले असायचे.

खरा शोध लागला तो वेगळाच. मी इतर बायकांसारखीच एका अंगाला, डावीकडे दोन्ही पाय सोडून बसत असे; साडीगार्डही त्याच बाजूला. आणि गाडीचा सायलेन्सर उजवीकडे! म्हणजे सारी ऊब ज्या बाजूला, तिकडे बाईमाणसाचा पाय कधी जाणारच नाही अशी रीत. मी आप्पांना म्हटलं, मी दोन्हीकडे पाय टाकून बसते. चुलतीनं ऐकलं आणि गालावर हात ठेवला. "पोरीच्या जातीनं असं घोड्यावानी बसाव का? गाव काय म्हनल?" आप्पा गाडी पुसत होते. वर न बघता म्हणाले, "गाव कुठं राहिलंय वहिनी, आता समदे पत्रेच हायत." मी सलवार सावरून दोन्हीकडे पाय टाकून बसले. जग उजवीकडूनही दिसतं हे मला त्या दिवशी कळलं.

आता उजवा पाय ऊन आणि डावा बर्फ! फाटकाशी पोचल्यावर मी मोठ्या तत्परतेने उजवा पाय पुढे करायचे. दोन दिवस खपून गेलं. तिसऱ्या दिवशी आप्पांनी तो पाय खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा झाला सायलेन्सरचा. आता तुझा दाव." मी डावा दिला. त्यांनी तो तळव्यांत धरून ठेवला, चोळला, पुन्हा धरला, आणि ऊब आल्यावरच सोडला. माघारी नेलं नाही. अट किंचित सैलावली होती. आता पाय आधीपासून गरम असायची गरज नव्हती, त्यांच्या हातात गरम झाले की पुरे होतं. बापाच्या तळव्यांची ती ऊब कुठून येत असेल? तासभर उघड्या हातांनी गाडी चालवून आलेला माणूस, आणि तरी त्याच्या हातांत लेकीपुरती आग शिल्लक असावी, याचं माझं नवल आजही सरलेलं नाही.

बारावीच्या हिवाळ्यात नांदेडच्या एका सरांनी निवडक मुलांची तुकडी काढायचं ठरवलं. चाचणीत उतरेल त्यानं प्रवेशपरीक्षेपर्यंत तिथंच, वसतिगृहात राहायचं. म्हणजे परक्याच्या स्लॅबखाली. घरात कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाहीही म्हणालं नाही. आई औशाला जाऊन पिंजारी चाचांकडून माझ्या एकात एक घातलेल्या दोन मोज्यांच्या मध्ये पिंजलेला कापूस भरून टाचून घेऊन आली. चाचांनी निरोप धाडला होता, "बेटी, अब थंडी की हिम्मत नै होती." तो निरोप सांगताना आई बऱ्याच दिवसांनी हसली.

चाचणीच्या आदल्या दिवशी आम्ही लोह्याला मावशीकडे मुक्काम केला आणि उजाडताना नांदेडच्या वाटेला लागलो. धुकं असं की गाडीचा दिवा दोन हातांवर संपत होता. कापसाच्या मोज्यांत पाय सुरुवातीला अगदी पाळण्यातल्या पोरासारखे सुखात होते. पण कापूसच तो. वाटभर धुकं पीत गेला. गोदावरीच्या पुलावर आलो तेव्हा खाली नदी दिसत नव्हती, नुसती वाफ वर येत होती, पाण्याची, पांढरी, अमर्याद. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं आणि मला माझे पाय कळत नव्हते. उजवा नाही, डावाही नाही.

चाचणीच्या इमारतीसमोर आप्पांनी गाडी लावली. तीन मजले, सगळा स्लॅब. त्यांनी मान वर करून तो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि मग माझ्यासमोर उकिडवे बसले. मोजे काढताच कापसातलं पाणी गळलं. त्यांनी दोन्ही पावलं हातांत घेतली आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला मनी आठवली. ते चोळत राहिले. घंटा झाली, मुलं आत गेली, ते चोळतच राहिले. ऊब येत नव्हती. त्यांची बोटंही त्या दिवशी गारठली होती. मला वाटलं, झालं, आता किक मारतील. आणि मला रागही येईना, कारण ते काय चोळत आहेत ते मला दिसत होतं.

तेव्हा मी सारा जीव एकवटून त्यांच्या हातात पायाची बोटं हलवली. मला स्वतःला काही कळलं नाही; हलली की नाही तेही त्यांच्या तोंडावरूनच समजलं. त्यांचे हात थांबले. मी पुन्हा हलवली. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं, डोळे भरले होते, आणि माझे ओले मोजे स्वतःच्या खिशात कोंबत ते म्हणाले, "गार हायत. पन हालून राहिलेत की! जा, माय."

मी उघड्या पायांत चपला अडकवून त्या तीन मजल्यांखाली शिरले. जिना चढताना बोटांना पायऱ्या लागत नव्हत्या. खिडकीतून एकदा खाली बघितलं तर आप्पा गाडीशेजारी तसेच उकिडवे बसले होते, दोन्ही तळवे उघडून, त्यांच्याकडे बघत.