वरच्या मजल्यावरची पोवळी

मनीषनगरात आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे आणि तिच्यात जिवंत, दगडासारखी कडक पोवळी. पहिल्याच भेटीत मी "दगड छान आहेत" म्हणालो होतो, तरी ते मला अजून चहा देतात. पाणी मात्र माठातलं, कारण फ्रीजर टाकी गार ठेवायला तिच्यात सोडायच्या बर्फाच्या बाटल्यांनी भरलेला. पाणी, मीठ, उजेड, काहीही बदलायचं तर हळूहळू. "एकदम काही नाही करायचं भाऊ," हे त्यांचं पालुपद.

मे महिन्यातल्या एका दुपारी लाइट गेली. थोड्या वेळाने इन्व्हर्टरनेही मान टाकली. कूलरविना मला घरात बसवेना, म्हणून गप्पा मारायला वर गेलो. टाकीचा पंप बंद होता. पाणी हलतं राहिलं नाही तर पोवळी गुदमरून मरणार, म्हणून ते प्लास्टिकच्या जगाने पाणी उचलून वरून सोडत होते. पाणी तापू नये म्हणून वहिनी टाकीवर विंझणा हलवत होत्या. मीही त्यांच्या हातातला जग घेऊन पाणी ओतलं.

"हळू भाऊ! पूर आणून राहिले तुम्ही," म्हणत त्यांनी तो लगेच परत घेतला.

वहिनी घामाने निथळत होत्या. "दगडाले वारा घालून राहिली मी! माह्यासाठी हलवला का कधी विंझणा?"

उजव्या हाताने पाणी सोडता सोडता त्यांनी डाव्या हातात विंझणा घेतला आणि त्याच संथ लयीत वहिनींना वारा घालू लागले.

लाइट आली. पंप सुरू झाला, त्यांनी जग खाली ठेवला. विंझणा चालूच.

"पुरे आता, पंखा सुरू झाला नं," वहिनी लाजून म्हणाल्या.

"एकदम नाही थांबवायचं," ते म्हणाले.