जुन्या रायफलचं कार्ड

माझा धंदा चुका शोधण्याचा आहे. इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलच्या एका ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी मेहनतीने बांधलेल्या गोष्टी मोडून दाखवायच्या आणि ‘कुठे मोडली’ ते सरळ शब्दांत लिहून द्यायचं, याचा मला पगार मिळतो. या कामाचा पहिला नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. ऑफिसात नवी पोरं आली की हा नियम मीच त्यांना शिकवते, तोही जरा मोठ्या आवाजात. म्हणून पुढचं सांगताना मला लाज वाटते. मी अजाण नव्हते, हे मलाच सगळ्यात आधी माहीत आहे.

रायफलच्या नादाला मला काकांनी लावलं. ते माझ्या नात्यातले नाहीत, विहारातले. वय सत्तरीच्या पुढचं. नागपूरला कॉलेजात असताना एन.सी.सी.मध्ये नेम धरायला शिकले, आणि इथे येऊन चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पिपेट धरली. आपल्या हाताचा त्यांना फार अभिमान. जयंतीच्या कार्यक्रमाचे बोर्ड तेच लिहायचे, ब्रशने, पट्टी न लावता, आणि एक ओळ वाकडी जायची नाही. बायको गेल्यावर ते एजवेअरला मुलाकडे राहायला गेले, तरी दर शनिवारी गाडी चालवत मेडनहेडच्या बाहेरच्या आमच्या क्लबवर यायचे. एका शेताच्या कडेला पन्नास मीटरची रेंज, पत्र्याची शेड, आणि एक किटली जिला कोणी कधी धुवत नाही, एवढाच आमचा क्लब. आम्ही फक्त कागदावर, म्हणजे नेमाच्या छापील कार्डावर, गोळ्या मारतो. विहारातल्या बायका मला चिडवायच्या, “पंचशील घेतेस आणि बंदूक चालवतेस?” मी म्हणायची, कागदाला जीव नसतो. पहिल्या शीलाची मला कधी चिंता वाटली नाही. घात चौथ्याने केला. मी खोटं बोलले.

इथे रायफल बाळगायला पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं, आणि त्यासाठी तुम्हाला नीट ओळखणाऱ्या दोघांची नावं द्यावी लागतात. पोलीस त्यांना विचारतात, हा माणूस कसा आहे, भरवशाचा आहे का. माझ्या दोन नावांतलं एक काकांचं होतं. पोलिसांचा फोन येऊन गेल्यावर काकांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, “मी म्हटलं त्यांना, शी वोन्ट इव्हन राउंड अप अ नंबर. साडेसातला आठ म्हणायची नाही ही पोरगी.”

काकांची रायफल दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची, टू-टूची म्हणजे बारक्या गोळीची, अगदी स्वस्तातली. पोकळ प्लास्टिकचा दस्ता, जरा जोरात धरला तर दबायचा. चाप इतका जड की बोट दुखायचं. मॅगझिन खुळखुळायचं. ती क्लबच्याच लोखंडी कपाटात असायची. मग त्याच कंपनीने तिची सुधारलेली आवृत्ती काढली आणि ती मी घेतली. दस्ता भक्कम, गालाला टेकायची जागा खालीवर करता येणारी, चाप हवा तेवढा हलका करता येणारा, बोल्टचा गोळा मोठा. नळी मात्र तीच होती, पहिल्या आवृत्तीचीच. हे कंपनीने लपवलं नव्हतं, पण ते मोठ्या अक्षरांत छापलंही नव्हतं.

क्लबात एक निवृत्त इंग्रज प्लंबर आहे. माझी नवी रायफल उलटसुलट करून बघत तो म्हणाला, “सेम रायफल, न्यू ट्राउझर्स.” सगळे हसले. काकाही हसले. मला हसणं जमलं नाही. वादात हरणं मला लहानपणापासून सोसत नाही, आणि लोकांसमोर हरणं तर नाहीच. मी म्हटलं, मी दोन्हींची रीतसर टेस्ट करते, क्लबच्या न्यूजलेटरमध्ये छापा. मग कळेल कोणाची पँट कशी आहे ते.

तेव्हा काका मला शेडच्या मागे घेऊन गेले. “तू टेस्ट करणारच आहेस तर माझं एक काम कर,” ते म्हणाले. “गेलं वर्षभर माझी कार्डं बघतेयस ना? भोकं कुठेही जातायत. बंदूक बिघडलीय की मी, एवढं मला सांग. बंदूक असेल तर बदलू. मी असेन तर सर्टिफिकेट परत करतो. या वयात उगीच हट्ट नको.”

मी म्हटलं, “काका, सांगते. नक्की सांगते.”

पुढच्या शनिवारी मी दोन्ही रायफली एकाच टेबलावर, एकाच वाळूच्या पिशवीवर ठेवून, एकाच खोक्यातल्या गोळ्या मारल्या. प्रत्येकीची पाच कार्डं, प्रत्येक कार्डावर पाच गोळ्या. नवीची पाचही भोकं पाच पेन्सच्या नाण्याखाली झाकली जायची. जुनीची जॅमच्या बाटलीच्या झाकणाखालीही मावत नव्हती. मी मनातून खूश होते. तिसऱ्या कार्डाच्या वेळी जुनी उचलताना आतून ‘टक्’ असा आवाज आला. मी अंगठा फिरवला. दस्त्याला नळीशी जोडणारा मागचा स्क्रू सैल होता, इतका की नखाने फिरत होता.

तिथेच थांबायला हवं होतं. ऑफिसात मी थांबले असते, आणि थांबलं नाही म्हणून दुसऱ्याला फाडून खाल्लं असतं. मी थांबले नाही. उरलेली कार्डं मारली, माप घेतलं, आकडे लिहिले. काका मागे खुर्चीत बसून बघत होते. मी त्यांना म्हटलं, घरी जाऊन नीट हिशेब करून सांगते.

पण आठवडाभर तो स्क्रू मला सुखाने जेवू देईना. पुढच्या शनिवारी काका जयंतीच्या तयारीसाठी विहारात होते. मी किल्लीने स्क्रू घट्ट केला आणि जुनीने एक कार्ड मारलं. पाचही गोळ्या पाच पेन्सच्या नाण्याखाली गेल्या. खरं सांगायचं तर माझ्या नवीपेक्षा थोड्या जास्तच जवळ. म्हणजे काकांना हवं असलेलं उत्तर माझ्या हातात होतं. बंदूक बिघडलेली नव्हती आणि काकाही नव्हते. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

आणि प्लंबरचंही बरोबर होतं.

सवयीने मी कार्डाच्या मागे तारीख लिहिली, ‘जुनी, मागचा स्क्रू घट्ट’ असं लिहिलं आणि ते बॅगेत ठेवलं. मग इकडेतिकडे पाहिलं आणि स्क्रू पुन्हा सैल केला, होता तेवढाच. हे पुढे बराच काळ मी कोणाला सांगितलं नाही. न सांगणं एक वेळ भित्रेपणात जमा झालं असतं. पण किल्ली उलटी फिरवायला माझा हात धजावला, ते कशात जमा करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मनाची समजूतही मी घातली. नव्या रायफलचा चाप हलका, काकांच्या बोटाला बराच. त्यांचं भलंच होईल. माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो ते मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी मी न्यूजलेटरला पहिले आकडे पाठवले, सोबत एक वाक्य जोडून: पहिली आवृत्ती अजून वापरणाऱ्यांनी तिला आता निरोप द्यावा. काकांना फोन केला. “बंदूक, काका. तुम्ही नाही.”

“हुश्श,” काका म्हणाले. एवढं हलकं झालेलं माणूस मी फोनवर कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी जुनी रायफल डीलरकडे दिली. असली स्वस्तातली जुनी कोणी विकत घेत नाही, कापून टाकतात. मग सगळी कागदपत्रं करून काकांनी माझ्यासारखीच नवी घेतली आणि पहिल्या शनिवारी मुलासारखे आनंदाने आले. पण वर्षानुवर्षं जड चाप ओढलेलं बोट त्यांचं. हलका चाप त्यांनी नेम धरायच्या आतच सुटायचा. दस्ता त्यांच्या खांद्याला लांब पडायचा. कोणालाही सवय व्हायला महिने लागले असते. कार्डं जुन्यासारखीच आली, एकदोन तर जास्त वाईट.

चौथ्या शनिवारी त्यांनी कार्ड माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. “तूच शिकवलंस ना, एकेक गोष्ट वगळत जायची,” ते म्हणाले. “बंदूक वगळली. गोळ्या त्याच. उरलो मी.”

मी म्हटलं, “सवय होईल, काका.”

“चाळीस वर्षं पिपेट धरलीय. हात गेला हे मला कळायला हवं होतं.”

स्क्रू हा एकच शब्द बोलायचा होता. प्लंबर चार पावलांवर किटलीजवळ उभा होता. मी कार्डं गोळा करत राहिले. काकांनी रायफल परत केली, सर्टिफिकेट परत केलं, आणि शनिवारचे यायचे बंद झाले. विहारात भेट झाली की जयभीम करून मी बायकांच्या घोळक्यात सरकायची. पुढच्या वर्षी जयंतीचा बोर्ड छापून आणलेला होता. मी कारण विचारलं नाही.

दीड वर्षाने माझ्या सर्टिफिकेटचं नूतनीकरण आलं. पुन्हा दोन नावं. जुने कागद काढताना फाइलमधून ते कार्ड खाली पडलं. टेस्टर निकाल फेकत नाही, एवढा एक नियम मात्र मी पाळला होता. मी ते उचललं, पुन्हा फाइलमध्ये घातलं, पुन्हा काढलं. मग रविवारी ते घेऊन एजवेअरला गेले. खरं बोलायलाच निघाले होते असं म्हणायला मला आवडेल, पण गाडी लावेपर्यंत नक्की नव्हतं.

दार काकांच्या मुलाने उघडलं. त्याचा जन्म इथलाच, पन्नाशीचा आहे, माझ्याशी हट्टाने मराठी बोलतो. “बाबा किचनमध्ये आहे,” तो म्हणाला. “तू आली ते बरं झाला. बाबाचा कार पण विकली आपण. हातामुळे, यू नो. तो म्हणाला, आय डोन्ट ट्रस्ट इट एनीमोअर.”

काका चहा घेऊन आले. कप अर्धाच भरलेला, आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी धरलेला, गरम वाटी धरावी तसा. माझ्यासमोर अगदी जपून ठेवला. “घाबरू नकोस, सांडत नाही,” ते म्हणाले. “आता पद्धत बसवलीय. अर्धा भरायचा, दोन्ही हातांनी धरायचा. बोर्ड लिहिणंही सोडलं. आणि तुझा तो फॉर्म ना? माझं नाव घाल. विचारायचं काय त्यात?”

मी कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. पाच भोकांवर करंगळीचं टोक ठेवून पाहिलं.

“नवीचं का? छान आहे.”

“तुमच्या जुनीचं, काका.”

त्यांनी कार्ड उलटं केलं. माझं अक्षर, तारीख, ‘मागचा स्क्रू घट्ट’. लॅबमधला माणूस. तारीख बघून त्यांना काय विचारायचं ते बरोबर कळलं.

“हे न्यूजलेटरच्या आधीचं?”

“हो.”

“म्हणजे स्क्रू सैल होता.”

“हो. मला माहीत होतं. घट्ट केल्यावर नीट लागत होती. मी परत सैल केला. तुमच्या हाताला काहीच झालेलं नव्हतं, काका. मला त्या लोकांसमोर खोटं ठरायचं नव्हतं.”

आत मुलाने टीव्ही लावला होता, क्रिकेट चाललं होतं. काका कार्डाकडे बघत होते. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं आणि घरी जाऊन रडून मोकळी झाले असते.

“पोलिसांनी विचारलं तर काय सांगायचं ते माझं मी बघेन,” ते म्हणाले. “ते तू मला सांगू नकोस.”

मग ते उठले. माझ्यासमोरचा अर्धा कप त्यांनी आत नेला. परत आले तेव्हा तो काठोकाठ भरलेला होता, आणि बशीसकट त्यांनी एकाच हातात धरला होता, उजव्या, हात सरळ पुढे करून. दुसरा हात पाठीमागे होता. सात-आठ पावलांचं अंतर असेल. ते चालत असताना त्यांची नजर माझ्यावर नव्हती, हातावर होती. कप माझ्यापुढे ठेवून ते वाकले आणि बशीत पाहिलं. बशी कोरडी होती.

“घे,” ते म्हणाले. “निवतोय.”

तो कप उचलायला मला दोन्ही हात लागले.